कोंडलेला सायलेन्सर

मु. जोहे, ता. पेण

तीर्थरूप हिरामणमामांस पुंडलिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे सर्वांच्या प्रकृती चांगल्या आहेत, एक माझी अब्रू सोडून. ती तुमच्या रोह्याच्या गॅरेजमध्ये आजारी पडली, आणि तुम्हीच जिते गावात जमवलेले माझे स्थळ तिच्यामागोमाग जाणार असे दिसते, म्हणून हे पत्र.

मी चालवतो त्या कमळाकरशेठच्या जीपचा सायलेन्सर गंजला तेव्हा तुम्ही नवा, रुंद नळीचा बसवलात आणि शेठना छातीवर हात ठेवून सांगितलेत की धूर मोकळा सुटेल, इंजिनाची दमछाक थांबेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. (सांगताना माझ्याकडे पाहून डोळा मिचकावलात. तो शेठनी पाहिला.) अ‍ॅव्हरेज खरोखरच वाढले. पण आवाज असा की मी अंगणात गाडी घातली की गणपतीच्या कारखान्यात शेठचा हात हले. सध्या मूर्तींचे डोळे आखायचे दिवस. दोन गणपती तिरळे झाले. पुढे एकाएकी आवाज बसला, गाडी चढावर धापा टाकू लागली आणि डिझेल पूर्वीपेक्षाही जास्त जाऊ लागले. दोष सायलेन्सरमध्ये असावा, असे मी म्हटले. शेठ सगळ्या रंगाऱ्यांसमोर म्हणाले, "सायलेन्सरला काय तोंड हाय डिझेल प्यायला? पिणारा दोन पायांचा हाय." तेव्हापासून टाकीच्या झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली शेठच्या करदोड्याला. डिझेल भरताना शेठ पंपावर सदरा वर करतात, आणि पेणची पोरे हसतात ती मला.

काल गाडीखाली शिरून नळीत तार घातली. आतून काथ्या निघाला, प्लॅस्टरमध्ये भिजवून भरलेला, सुकून दगड झालेला. (मूर्तीच्या पोटात लावतात तोच.) आवाज दाबायला शेठनीच तो भरला होता, मूर्तीची भेग बुजवावी तसा. समोर ठेवला तर म्हणाले, "धुराला वाट ठेवली व्हती मी." कुलूप मात्र काढले नाही. काढले तर लोक काय म्हणतील, म्हणे.

तेव्हा रविवारी मूर्ती न्यायला याल तेव्हा चारचौघांत एवढे सांगा, की सायलेन्सर कोंडला की डिझेल जास्त जाते, आणि ड्रायव्हर चोर नाही. जिते गावी शांतीच्या वडिलांच्या, बाबाजींच्या, कानावर हा चोरीचा आळ गेला तर ते पोरगी माझ्या घरी देणार नाहीत.

आपला आज्ञाधारक भाचा,
पुंडलिक

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच बाबाजी दारात. सगळे ऐकूनच आले होते. म्हणाले, "नुसत्या पगारावर पोरगी द्यायला मन होत नव्हतं. पोराला वरची कमाई हाय, ह्ये आधी नाय का सांगायचं?" लग्न पक्के केल्याचा नारळ ठेवून गेले.

तर मामा, रविवारी नुसत्या मूर्ती घ्या आणि जा. लग्न लागेपर्यंत सायलेन्सरचा विषय काढू नका. मी एक थेंबही चोरला नाही, हे मामींना सांगितलेत तरी चालेल.

पुन्हा ता. क. काथ्या मी होता तसा आत भरून ठेवला आहे.