डब्यातली लिंबाची फोड

आबा, अमेरिकेत मटण सापडलं. दुकानातल्या फ्रीझरमधलं नव्हे. निखाऱ्यावर, धुरात, सावकाश शिजलेलं, खाणाऱ्याला गप्प करणारं मटण. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय, म्हणून तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी लिहायला बसले आहे. इथे बार्बेक्यू नावाचं एक वेड आहे, आणि प्रत्येक मुलखाचा हट्ट वेगळा. कॅरोलायनात अख्खं डुक्कर भाजून त्यावर व्हिनेगर शिंपडतात, मेम्फिसला बरगड्यांना कोरडा मसाला चोळतात, टेक्सासात गाईच्या छातीचं मांस. ते मी खाल्लं की नाही, हे विचारू नका. सुट्टी मिळाली की मी गाडी काढते आणि धुराचा माग घेत सुटते. मी राहते त्या अ‍ॅशबर्नला ऑफिसातल्या लोकांना वाटतं, सगळे इंडियन शाकाहारीच असतात. त्यांना काय ठाऊक, मी तुमच्या रश्श्याच्या वासात वाढले.

तर गेल्या वर्षी पश्चिम केंटकीत, ओहायो नदीकाठच्या एका गावात पोचले. तिथे मेंढी भाजतात, तीही चांगली जून. विटांची लांबलचक भट्टी, हिकरीच्या लाकडाचे निखारे, वर जाळी, आणि सत्तरी ओलांडलेले एक भट्टीवाले काका. ते फरशी पुसतात तसला मॉप बादलीत बुडवून मटणावर फिरवत होते. बादलीत व्हिनेगर आणि मिऱ्यांचं पातळ, काळं पाणी. आबा, तांबडा झाला, पांढरा झाला, हा तिसरा, काळा रस्सा. मला हसूच आवरेना. मग काकांनी अंगठ्यानं मटण दाबून पाहिलं, थेट तुमच्यासारखं, मान तिरकी करून, आणि माझं हसू थांबलं. त्या दिवसापासून मी त्यांची चेली झाले. वर्षभर फोनवर शिकले, अंगणात लोखंडी ड्रमची भट्टी मांडून शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरवले. यंदा त्यांनी सांगितलं, गावच्या मेळ्यात हौशी लोकांची स्पर्धा असते, त्यात उतर.

फॉर्मवर टीमचं नाव लिहायचं होतं. फॉर्म म्हटलं की मला एकच फॉर्म आठवतो. पुण्यात, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी मी उभी आहे, मागे तुम्ही, नवाकोरा शर्ट घालून, तरी अंगाला फोडणीचा वास. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिते, ‘व्यापार’. तुम्ही ते वाचलंत. स्टँडवर उसाचा रस पाजताना तेवढं म्हणालात, “अक्षर झ्याक आहे तुझं.” दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणून या फॉर्मवर मी ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, ‘आचाऱ्याची मुलगी’. पहिल्या पाचांत आलं की टीमचं नाव स्टेजवरून माईकवर पुकारतात. नदीकाठी जमलेल्या सगळ्या गर्दीपुढे तुमचा व्यवसाय पुकारला जाणार होता. मला जिंकायचं होतं ते एवढ्यासाठी.

आणि काय जमलं होतं म्हणून सांगू! पहाटे मटण चढवलं. माझी लेक, सोळा वर्षांची, डोळे चोळत मॉप मारत होती. मीठ, मिरी, आणि आपल्या कांदा-लसूण चटणीचा हलका हात. दुपारी काकांनी अंगठा दाबला आणि म्हणाले, “याला आता कुणी हात लावू नका. हे झालं.” बक्षीस नक्की, असं त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

आता नियम ऐका. परीक्षकांकडे एक पांढरा डबा द्यायचा. त्यात खाली हिरवा पाला आणि वर मटण, बस. तिसरी कुठलीही वस्तू दिसली की डबा बाद, चवही घेत नाहीत. डबा भरताना मला आपली खानावळ दिसत होती. मला दिवाळीची सुट्टी आहे, यंत्रमागाची पाळी सुटली आहे, पंगत भरली आहे, आणि माझ्या हातून एक ताट कांदा-लिंबाशिवाय गेलं. तुम्ही हातातलं भांडं ठेवून स्वतः त्या कामगाराकडे गेलात, लिंबू ठेवलंत, हात जोडलेत. मग आत येऊन मला म्हणालात, “मटण संपलं तर सांगता येतं, बाबा, संपलं. लिंबू इसरलं तर काय सांगायचं? मानूस इसरला?”

मी डब्यात मटण रचलं. कडेला कांद्याच्या चार चकत्या ठेवल्या, आणि लिंबाची एक फोड. झाकण लावून दिला.

डबा दहा मिनिटांत परत आला, झाकणावर लाल रेघ. लेक रडवेली झाली. “आई, यू रेड द रूल्स, राइट?” मी म्हटलं, “अगं, सवयीनं हात गेला. लक्षातच आलं नाही.” काकांनी डबा उघडला, लिंबू मटणावर पिळलं, कांद्याची चकती तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. मग विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?” आजूबाजूला दहा-बारा माणसं उभी होती, आणि मी मोठ्यानं सांगितलं, “माझे वडील आचारी होते. इचलकरंजीत आमची खानावळ होती.” माईक नव्हता. पण आवाज चांगला लागला, आबा. काका म्हणाले, “मग परीक्षकांचं नुकसान झालं,” आणि डबा सगळ्यांपुढे फिरवला. लिंबू एकच होतं, त्याच्या उरलेल्या फोडी पुरवून पुरवून पिळल्या लोकांनी.

स्टेजवरून पाच नावं पुकारली, त्यांत आपलं नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी परतीच्या बारा तासांत मी गाडीत गात होते, आणि लेक कानाला हेडफोन लावून बसली होती.

हे पत्र मसाल्यांच्या खणात ठेवून देते. लेकीला मराठी वाचता येत नाही, म्हणून उरलेलं निर्धास्त लिहिते. नियम मला पाठ होता. सवयीनं काही हात गेला नाही. ते लिंबू मी अ‍ॅशबर्नहून निघतानाच पर्समध्ये टाकलं होतं, एकच, त्या डब्यापुरतं.