साडेपाच फुटांचा पलंग

मी, जयवंतराव दौलतराव शिर्के, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा सुतारकाम (दोन वर्षांपासून बंद), राहणार गोरवा, बडोदे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना हे लिहवून ठेवतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून अक्षर माझे मित्र जगदेवराव मोहिते यांचे. शब्द माझे आहेत. त्यांनी मध्ये मध्ये सुधारायला पाहिले, मी सुधारू दिले नाही.

१. माझी पत्नी राजेश्वरी दीड वर्षापूर्वी वारली. मुलगा निहार गोरव्यातच एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो आणि सून आकांक्षा मांजलपुरात फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी रसिका लग्न होऊन सुरतेला असते. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांची तलवार घरात आहे असे रसिका सासरी सांगत असते. तलवार नाही. पितळी मुठीची काठी आहे. ती तिने न्यावी.

२. बँकेतली ठेव रसिकाला. तिच्या लग्नात मी कपाट करून दिले नाही, सुतार बाप असून, हे ती अजून ऐकवते. आता घे बाई.

३. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटे ही सगळी हत्यारे, ज्याला हाताने रंधा मारता येतो अशा माणसाला द्यावीत. असा माणूस जगदेवरावांनी शोधावा. सापडला नाही तर पेटी तशीच राहू द्यावी, भंगारात घालू नये.

४. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी भुशावरून नऊ वर्षे माझ्या तक्रारी केल्या. त्यांच्या घरातले देवघर मी केले आहे, आणि फुकट केले आहे. त्यांना मी माफ केलेले नाही. एवढेच.

५. गोरव्याचे माझे राहते घर, तळमजला, पुढच्या ओट्यासह, सून आकांक्षा निहार शिर्के हिच्या एकटीच्या नावावर व्हावे. निहारच्या नाही, दोघांच्या मिळून नाही. वकीलसाहेब म्हणाले, रक्ताची मुले असताना सुनेला देताय तर कारण घाला, उद्या भांडण नको. कारण घालतो.

शेवटची दहा वर्षे मी सॅम्पल फ्लॅटचे फर्निचर केले. स्कीमचा पाया भरण्याआधीच बिल्डर एक फ्लॅट सजवून ठेवतो, लोक तो बघून बुकिंग करतात. या कामाची रीत वेगळी असते. पलंग सव्वासहाऐवजी साडेपाच फूट. कपाटाची खोली दोन फुटांऐवजी सव्वा फूट. सोफा पुढून अर्धा फूट कापलेला. आतल्या खोल्यांना दारे लावायचीच नाहीत. मग खोली मोठी दिसते. त्या फ्लॅटमध्ये कारागिराने टेप बाहेर काढायचा नाही, असा नियम असतो. मी तो कधी मोडला नाही. हात बसला होता माझा. आखूड पलंग इतका बेतशीर करायचो की कोणाला शंका यायची नाही.

सात वर्षांपूर्वी निहार घर शोधत होता. चौदा स्कीमा पाहून झाल्या होत्या. दर दिवाळीला भाव चढत होता, त्याचा पगार जागच्या जागी. दोन बेडरूम हव्यात हा त्याचा हट्ट होता, एक तुम्हा दोघांना, असे तो आम्हाला म्हणायचा. त्याच्या कर्जात बसणारी एकच स्कीम मांजलपुरात निघाली, आणि तिचा सॅम्पल फ्लॅट मी करत होतो.

ते दोघे आले तेव्हा मी आत शेवटची पट्टी ठोकत होतो. सेल्समन सांगत होता, "जुओ बेन, बेड मूक्या पछी पण केटली जग्या रहे छे!" पलंग ठेवूनही जागा राहणारच, पलंगच आखूड. आकांक्षा पलंगाच्या काठावर बसली. म्हणाली, "बाबा, काय सुबक केलंय हो! आपलं सगळं मावेल ना इथे?"

मी म्हणालो, "मावेल की."

का म्हणालो? बिल्डरचा माणूस समोर उभा होता, पुढच्या दोन स्कीमांचे काम मला मिळायचे होते. आणि खरे सांगायचे तर सुनेच्या कौतुकाने मी फुगलो होतो. निहारने टेप लावला नाही. सुताराचा मुलगा आहे, मापे त्याला कळतात. पण बाप उभा असताना टेप कशाला लावायचा?

तीन वर्षांनी ताबा मिळाला. लग्नात मी त्यांना सागवानी पलंग करून दिला होता, पूर्ण मापाचा. तो आत ठेवला तर कपाट उघडेना. पलंग इकडे गोरव्याला परत आला. निहार तिथे जमिनीवर गादी टाकून झोपतो.

पुढे राजेश्वरीला लकवा झाला. त्यांनी तिला मांजलपूरला नेले. दुसऱ्या खोलीत तिची खाट लागली, पण खाटेशेजारी माणसाला उभे राहता येईना. चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जाईना. अकरा दिवसांनी आम्ही दोघे गोरव्याला परत आलो. निहारने माझे हात धरले. "बाबा, चुकलंच माझं. अंदाजच आला नाही मला." मी म्हणालो, "असू दे रे."

त्यानंतर वर्षभर आकांक्षा रोज ऑफिस सुटल्यावर मांजलपूरहून स्कूटरवर गोरव्याला येत होती. राजेश्वरीला पुसून घ्यायची, कपडे बदलायची, भरवायची आणि परत जायची. राजेश्वरी गेल्यावर तेराव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, रसिका म्हणाली, "माझ्या आईला हिने अकरा दिवसांवर घरात ठेवली नाही." बायकांनी माना हलवल्या. आकांक्षा खाली बघून ताटे उचलत राहिली. मी तिथेच होतो. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला.

तेव्हापासून आमच्या लोकांत तिचे नाव तेच झाले आहे. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. मला हल्ली फारसे काही वाटत नाही, राजेश्वरीची आठवणही यावी तशी येत नाही. डॉक्टर म्हणतात वय झाले. पण एवढे मला समजते, की जागा तिने नाकारली नाही, जागा नव्हती. आणि ती नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून घर तिचे.

तिने ते विकावे, पाडावे, भाड्याने द्यावे. बापाची आठवण वगैरे म्हणून ठेवू नये. नवीन घ्यायचे झाले तर सॅम्पल फ्लॅटमध्ये चपला काढून पलंगावर सरळ आडवे व्हावे. पाय बाहेर आले तर उठून घरी यावे. सेल्समन हसेल, हसू द्यावे.

६. पुरवणी. आज रविवार. सही करण्याआधी जगदेवरावांनी हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. साक्षीला शेजारच्या नयनाताई आल्या होत्या. आकांक्षा दर रविवारी स्वयंपाकाला येते, ती आत होती. ती आत आहे हे मला माहीत होते. मी जगदेवरावांना हळू वाचा म्हणालो नाही.

ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बाबा, हे मी तुम्ही गेल्यावर ऐकायचं होतं?"

मी होय म्हणालो.

"आणि तोवर?"

मी जगदेवरावांना म्हणालो, सहीची जागा दाखवा.

"घराचं नंतर बघू. रसिकाताईंना फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

लावला. नयनाताईंनी स्पीकर चालू केला. पलंग, सेल्समन, "मावेल की", सगळे सांगितले. मग रसिका म्हणाली, "वहिनी आहे का तिथे? दे तिला." मी फोन पुढे केला. आकांक्षा म्हणाली, "माझ्या पोळ्या व्हायच्यात," आणि आत गेली.

कलम पाच जसेच्या तसे ठेवावे. निहार एक वाजता जेवायला येतो. आकांक्षाने आतूनच सांगितले आहे, "त्याला तुम्ही सांगायचं. मी मध्ये पडणार नाही." साडेबारा वाजून गेले आहेत. वाचून घेतले, मान्य आहे, सही करतो.

जयवंतराव दौलतराव शिर्के
(सही)

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. जगदेवराव मोहिते (सही)
२. नयना प्रधान (सही)

स्थळ: गोरवा, बडोदे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५