टाकी भरायला नऊ तास चाळीस मिनिटं

८ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प: आमच्या खेळात यंदा एकही थाप चालणार नाही. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी दोनला माझ्या घरी जमतो. मी गोष्ट सांगतो. खेर्लोफ, सित्स्के आणि डाउवे अंतराळयानाचे खलाशी होतात आणि फासे पडतील तसं पुढे जायचं. आजवर मी "टाकी भरली" म्हटलं की भरायची. लाज वाटते.

११ जानेवारी, बुधवार
डेअरीत दुधाचा टँकर रिकामा होताना घड्याळ लावून उभा राहिलो. तेवीस मिनिटं. साहेबांनी विचारलं, काय चाललंय? संशोधन, म्हटलं. ते म्हणाले, चीजच्या खोलीत कर, तिथे माणूस कमी आहे.
यानाचा हिशोब: बाराशे टन द्रव हायड्रोजन, सेकंदाला पन्नास किलो, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. आधी दोन तास पाइप गार करायचे, नाहीतर सगळ्याची वाफ. एक तास गळती तपासायला. एकूण नऊ तास चाळीस. दर दहा मिनिटांमागे एक फासा, असे अठ्ठावन्न. आनंदाने वेडे होतील तिघं!

१५ जानेवारी, रविवार
एकोणीस फासे झाले. साडेपाचला तिघं उठले. सहाला जेवण म्हणजे सहाला, न बोलावता दुसऱ्याच्या ताटावर आमच्या गावात कुणी बसत नाही. सित्स्के दारात म्हणाली, "अरे हार्मेन, एवढ्या वेळात आमची गाय विऊन वासरू चालायलासुद्धा लागलं असतं." तिची कौतुकाची पद्धतच तशी.

२२ जानेवारी, रविवार
आठवडाभर पाइप गार राहत नाहीत. म्हणून फासे पुन्हा पहिल्यापासून. नाइलाज आहे, विज्ञान आहे. डाउवेने मोबाइलवर हवामान पाहिलं. दोनदा. साडेपाच. यान तिथेच.

२९ जानेवारी, रविवार
घोडं पेंड खातंय ते जेवणापाशी. म्हणून कुणाला न विचारता बटाटे आणि केलचा हिरवा पाला कुस्करून ठेवला, वर सॉसेज. सव्वापाचला पातेलं टेबलावर आणलं तर तिघं चोरी पकडली गेल्यासारखे बसले. खेर्लोफ म्हणाला, घरी मटण फ्रीजबाहेर काढून ठेवलंय. खेर्लोफ खोटं बोलत नाही. तिघांच्याही घरी मटण होतं म्हणे.

१ फेब्रुवारी, बुधवार
अजून केलच खातोय.

५ फेब्रुवारी, रविवार, २.४०
कुणी नाही. सित्स्केचा मेसेज: आज जमत नाही. डाउवेचाही तोच, शब्द न शब्द सारखा. योगायोग.
३.१५ – एकट्यानेच फासे टाकले. पंप बंद पडला.
३.५० – रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय? डेअरी. घाबरलोय मी. लिहूनच टाकतो.

१२ फेब्रुवारी, रविवार
आजही कुणी नाही. सायकल काढली. खेर्लोफच्या खिडकीवरून सहज गेलो, चार वेळा. आमच्या गावात पडदे कुणाकडेच ओढलेले नसतात. आत तिघं टेबलाशी बसलेले, मध्ये फासे. पाचव्या फेरीला सित्स्केने दार उघडलं. "ये आत, चक्कर येऊन पडशील."
कॉफी आणि एक बिस्कीट मिळालं. गोष्ट खेर्लोफ सांगत होता. "टाकी भरली, निघालो," म्हणाला. तीन सेकंद! मी उरलेलं बिस्कीट एकदम तोंडात कोंबलं. मग ते कुठल्याशा बर्फाच्या चंद्रावर उतरले, तिथे कुणीतरी सित्स्केला वाचवलं, डाउवे खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. माझ्याकडे तो कधी उभा राहिला नाही.
साडेपाचला मी कोट घालत असताना खेर्लोफने विचारलं, अगदी प्रेमाने, "हार्मेन, तुझ्या गोष्टीत टाकी भरल्यावर आपण जाणार होतो कुठे?"
खेळाची वही खिशातच होती. पंपाची एकेचाळीस पानं, पुढचं कोरं.
आता आठवत नाही, म्हणालो.