पुट्टी लावलेली जीप

१२ जानेवारी १९६४, रविवार
निश्चय केला. जीप विकून टाकायची.
मिलिटरीच्या लिलावात घेतली तेव्हा अमरावतीच्या वकिलांत मोटार फक्त माझ्याकडे. आता जो तो नव्या गाडीचा नंबर लावून बसलाय. नंबर यायला वर्षं जातात, म्हणून जुन्या गाडीला नवीपेक्षा जास्त भाव. शहाण्याने अशाच वेळी माल बाजारात आणावा. बार रूममध्ये हे समजावून सांगितलं. कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. पदव्या कशा मिळाल्या यांना, देव जाणे.
जीपला गंज आहे, पण किरकोळ. भातकुलीच्या रस्त्यावर बायकोची, दुर्गाबाईची, चप्पल तळाच्या भोकातून पडली, तेव्हापासून ती सीटवर पाय वर घेऊन बसते. बायकांना कुठल्याही गोष्टीचं भांडवल करता येतं.

१५ जानेवारी
जीप अब्दुल सत्तारच्या गॅरेजात टाकली. त्याचं म्हणणं, तळाचा पत्रा पार सडला, बदला. मी म्हटलं, पुट्टी भर आणि वरून हिरवा रंग मार. "भरून देतो साहेब, पन त्यावर कोनाले पाय ठेवू देऊ नका," म्हणाला. गॅरेजवाल्यांना नुसतं बिल वाढवायचं असतं.

२६ जानेवारी
जीप आली. नव्या नवरीसारखी दिसते. आमची जमुना बराच वेळ तळाकडे बघत होती. विचारलं, कशी आहे? म्हणाली, रंग छान आहे. बी.ए. झालेली मुलगी, पण सौंदर्यदृष्टी माझी.

२ फेब्रुवारी, रविवार
अकोल्याचे किसनराव जमुनाला बघायला आले. बरोबर बायको चतुराबाई आणि मुलगा देवमन. मुलगा ओव्हरसियर आहे, पातूरला असतो. चेहरा बावळट. माणसं छोट्या काळ्या मोटारीतून उतरली आणि माझं लक्ष तिथेच गेलं. किसनरावांचं माझ्या जीपकडे. त्यांची शेती पातूरकडे, पावसाळ्यात काळ्या मातीत मोटार फसते. "पोरगी तं पाहूच वकीलसाहेब, पह्यले हे दाखवा," म्हणाले. मुलगी बघायला आलेला माणूस बॉनेटमध्ये डोकं घालतो. काय हे संस्कार.
पोहे निवले. जमुना चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघे इंजिनात. तिने ओट्यावर देवमनलाच चहा दिला. दोघे तिथे बोलत उभे राहिले. काय बोलले कोण जाणे. तो नुसती मान हलवत होता. मग जमुना माझ्याकडे येऊन काही सांगू लागली, तिला सौद्यात मधे बोलू नकोस म्हणून आत पाठवलं.
निघताना किसनराव म्हणाले, गाडीच्या बदल्यात गाडी, वर काही नाही. मी विचार करतो म्हटलं. विचार केव्हाच झाला होता.

९ फेब्रुवारी, रविवार
एक्स्चेंज झालं. जीप मीच अकोल्याला नेली. दुर्गाबाई एस.टी.ने आली. तळ टिकला. किसनरावांनी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. असा अडाणी माणूस शेती कशी करतो?
परत येताना मोटार लोण्यासारखी पळाली. मूर्तिजापूरला दुर्गाबाईने विचारलं, "पोरीचं काय म्हनते ते?" ते विचारायचं राहूनच गेलं होतं. आधी व्यवहार, मग बाकीचं, असं तिला समजावलं.

१० फेब्रुवारी
मोटार गल्लीतल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी मागे येईना. रिव्हर्स गिअरच नाही. शेजाऱ्यांनी मागे ओढली. क्लच सेट होतोय, असं सांगितलं. त्यांना काय कळतं?

१४ फेब्रुवारी
कोर्टाच्या आवारात तोच प्रकार. माझ्या अशिलांबरोबर विरुद्ध पार्टीनेही ढकलली. तीच जास्त जोर लावत होती.
किसनराव लबाड निघाला. दोष माहीत असताना लपवून माल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा? माणूस इतका खाली जातो? चारशेवीसची नोटीस मनात तयार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
नोटिशीआधीच किसनरावांची स्वारी हजर. जीपमधून. देवमन चालवत होता. तळाचा पत्रा पातूरच्या रस्त्यात पडला, वर लाकडी फळी होती म्हणून चतुराबाईचे पाय वाचले. ओट्यावरच जुंपली. "वकील आहा का भामटे?" असं मला माझ्या घरात. मी म्हटलं, रिव्हर्स. ते म्हणाले, पुट्टी. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.
मग किसनरावांनाच काहीतरी सुचलं. देवमनला म्हणाले, "पन तू फळी काहून टाकली होती रे पह्यलेच?"
देवमन शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेबाच्या पोरीनं सांगतलं होतं. त्याच दिवशी, ओट्यावर. म्हने, तळ सडला हाये, तुमच्या आईले बसवू नका. मंग म्या बी सांगतलं, आमच्या गाडीले रिव्हर्स नाही."
जमुनाला बाहेर बोलावलं. तुला माहीत होतं? होतं. मला का नाही सांगितलं? म्हणाली, "बाबा, सौद्यात मधे बोलू नकोस म्हणून तुम्हीच मला आत पाठवलं."
मग मी सांगितलं, ही सोयरीक मोडली. ते म्हणाले, मोडलीच. तेवढ्यावर मात्र आमचं एकमत झालं.

१७ फेब्रुवारी
बार रूममध्ये सगळ्यांना कळलंय. कोणीतरी माझ्या खुर्चीवर फळी ठेवली. हीन अभिरुची. मी त्या फळीवर बसून काम केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
दुर्गाबाई एस.टी.ने अकोल्याला गेली. चतुराबाईची विचारपूस करायला म्हणे. ज्यांच्याशी संबंध तोडले त्यांची कसली विचारपूस? जमुनासाठी दुसरं स्थळ बघायला घेतो. या वेळी सुसंस्कृत घर.

१ मार्च, रविवार
सकाळी बँडवाला आला. अक्षय तृतीयेनंतरची तारीख सांगून म्हणाला, वरात कोणत्या रस्त्याने येईल ते सांगा. मी विचारलं, कोणाची वरात? म्हणाला, तुमच्याच पोरीची.
आत गेलो. दुर्गाबाई पापड लाटत होती. तिने आणि चतुराबाईने मिळून सगळं ठरवलं. किसनरावांनाही कालच कळलं म्हणे, तेही बँडवाल्याकडूनच. मी जोरात म्हटलं, जमुनाला विचारलं का कोणी? दुर्गाबाई म्हणाली, "तिलेच तं विचारलं. म्हने, मले खोटं न बोलनारा मानूस भेटला, आता तो सोडत नाही."
मी म्हटलं, बरोबर आहे.
मग बाहेर जाऊन मोटारीत बसलो. कुठे जायचं नव्हतं. जमुना चहा घेऊन आली, दार उघडून शेजारी बसली. आम्ही दोघांनी समोरच्या भिंतीकडे बघत चहा प्यायला.