बदकं अंड्यांवर असताना

२८ मे
सिसेलच्या मावशीच्या बेटावर पोचलो. बोटीत सिसेल म्हणाली, बदकांची पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत बघते, मग सांगते तुझ्याबरोबर ट्रॉम्सोला घरी यायचं की इथेच राहायचं. बर्फाचा कडा कोसळून आपली मुलगी गेली त्याला दोन हिवाळे झाले, ओडवार, तू एकदाही तिचं नाव घेतलं नाहीस.
मी लगेच नव्या लेन्सची माहिती द्यायला लागलो. अशा वेळी बायकोचं लक्ष दुसरीकडे वळवावं लागतं.
बघायचं ते: देवमासा, समुद्रगरुड, पफिन पक्षी. हा आमचा दुसरा मधुचंद्रच. संकल्प: सिसेलला क्षणभरही उदास होऊ द्यायचं नाही.

३० मे
इथे नियम फार. मावशीने फळ्या आणि वाळलेलं समुद्रशेवाळ रचून आयडर बदकांना घरटी करून दिली आहेत. पिल्लं निघून गेल्यावर आतली मऊ पिसं गोळा करायची, त्यांची रजई होते. तोपर्यंत हातोडा नाही, शेकोटी नाही, रोज तोच कोट, तीच पायवाट. पूर्वी बदकांची रीघ लागायची म्हणे, यंदा तीनच आली.
मावशी म्हणाली, जावईबापू, तोंडाला बूच लावा. परक्या आवाजाने बदक उठलं की परत बसेलच असं नाही.
मी सांगितलं, मी मुळातच अबोल माणूस. याची बरीच उदाहरणंही दिली. मावशी मध्येच झोपली.

४ जून
समुद्रगरुड! फोटोत ठिपका आलाय, पण गरुडच. सिसेलला हाक मारली, जरा मोठ्याने. दोघी धावत आल्या. गरुड बघायला नाही, मला गप्प करायला.

८ जून
आनंदाची बातमी. सिसेल बोलायला लागली. रोज सकाळी कोपऱ्यातल्या घरट्यापाशी उकिडवी बसते आणि बदकाशी हळू आवाजात बोलते. मावशी म्हणते, असंच करायचं असतं, राखणाऱ्याचा आवाज ओळखीचा झाला की बदक उठत नाही.
आज भिंतीआडून ऐकलं. मुलगी लहान असताना वॅफलवरचा जॅम आधी चाटून टाकायची आणि मग नवा मागायची, ते सांगत होती. पुढचं ऐकलं नाही. वारा डोळ्यांत जात होता.
एकूण तिची तब्येत सुधारते आहे. हवापालट लागू पडला. कल्पना माझीच होती, जवळजवळ.

११ जून
दोघी होडीने सामान आणायला गेल्या. त्यांना खूश करायचं ठरवलं. सगळ्या चादरी धुतल्या, दोरीवर टाकल्या. तोंडातून अक्षर काढलं नाही. मग वारा सुटला. चादरी फडफडल्या आणि कोपऱ्यातलं बदक उठून थेट समुद्राकडे गेलं. लगेच अंड्यांवर टपलेले कुरव पक्षी उतरले. त्यांना हाकलायला धावलो, ओरडलो. त्याने बाकीची दोनही उठली.
चादरींबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं.

१२ जून
दोन परतली. कोपऱ्यातलं नाही. अंडी कुरवांनी नेली.
मावशी म्हणाली, अहो, बदकं अंड्यांवर असताना आम्ही हातरुमालसुद्धा बाहेर वाळत घालत नाही. पाळण्यातल्या पोराला कळतं हे.
सिसेल त्या घरट्यातली पिसं ओंजळीत घेऊन बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसलो. बोलायची हीच वेळ आहे, हे मलाही कळत होतं.
म्हणालो, चादरी मात्र छान वाळल्या.

२ जुलै
उरलेल्या दोन बदकांची पिल्लं पाण्यात उतरली. सिसेल मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. ती राहते आहे. म्हणाली, तुझ्यावर राग नाही रे माझा. पण आपल्या पोरीबद्दल मला बदकाशी बोलावं लागलं, आणि आता तेही नाही. रविवारी फोन करत जा. तिच्याबद्दल एक वाक्य बोल, एकच. मग बघू.
हे सोयीचंच झालं. घरट्यांची डागडुजी करायलाच हवी, मावशीला एकटीला कुठे जमणार? नाताळपर्यंत येईल सिसेल. देवमासा पुढच्या वर्षी.

२७ सप्टेंबर, रविवार
फोन केला. या वेळी वाक्य तयार होतं, आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. आधी जरा इकडचं तिकडचं म्हणून गाडीच्या हिवाळी टायरांचा विषय काढला. त्यातून बर्फ आलं, म्हणून घाईने कॉड मासळीच्या भावावर गेलो. पलीकडे ती ऐकत होती. मध्ये कधीतरी लाइन कटली, केव्हा ते कळलं नाही. तिने ठेवला नसणार. बेटावर सिग्नल धड नसतो.
फोन तसाच कानाशी धरून म्हणालो, इल्वा. मग पोरीचं नाव पुन्हा एकदा घेतलं.
चला, सुरुवात तर झाली.