अण्णांची एकविसावी

अण्णा, आज मी कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या गळ्यात अशी कामं आपोआप पडतात. पदवीची रचना बदलली आहे, ती आलेल्या पालकांना समजावून सांगायची. बारावीनंतर एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स, मग एम.ए. एकाच वर्षात. मधेच सोडलं तरी हातात काहीतरी राहतं, आणि परत येता येतं. हे इतक्यांदा बोलले की दुपारनंतर माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

तुमची रचना याहून सोपी होती. बी.ए.ला तुम्ही कधी बी.ए. म्हणालाच नाहीत. तेरावी, चौदावी, पंधरावी. एम.ए. म्हणजे सतरावी. दर निकालाला वाळूजच्या कारखान्यात पेढे वाटायचे आणि पहिली पाळी संपवून बजाजनगरच्या खोलीत आलात की ओट्याला टेकून चहा पिताना उरलेला पेढा माझ्या हातावर ठेवायचा. मी पीएचडीला नाव नोंदवलं, वर्ष सरलं, आणि तुम्ही पुन्हा पेढे घेऊन हजर. "अठरावी झाली, माय." मी म्हणाले, अण्णा, पीएचडीला यत्ता नसते, प्रबंध पुरा होईपर्यंत पास नाही की नापास नाही. तुम्ही कप खाली ठेवलात. कपाळाला आठी. "मंग माणसानं वळखावं कसं, पोरगी पुढं चालली का जागीच हाय? मला नको शिकवू." पुढच्या वर्षी एकोणिसावीचे पेढे. मार्गदर्शक सरांनी परत पाठवलेलं प्रबंधाचं प्रकरण माझ्या पिशवीत, आणि तुमचे सोबती कारखान्याच्या गेटवर माझं कौतुक करतायत. मला लाज वाटली होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं होतं. एकविसावीचे वाटलेत, त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

पदवी नंतर मिळाली. तोंडी परीक्षा झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली. रिक्षानं क्रांती चौकात उतरले, मिठाईच्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि तशीच घरी आले. आनंद झाला नाही. रडूही आलं नाही. शाल कपाटात ठेवली, कुकर लावला. अजून तसंच आहे, अण्णा. लोक डॉक्टर म्हणतात तेव्हा मी मागं वळून बघते.

आज चितेगावचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले होते. माझं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, ते समदं ऱ्हाऊ द्या. पंधरावी हाय का गेली?"

"आहे की. सोळावीपण आली."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मग जरा धीर करून त्यांनी विचारलं, "अन् तुमची कितवी झाली?"

शेजारचे सर म्हणाले, "त्या डॉक्टर आहेत." पण ते गृहस्थ माझ्याकडेच बघत राहिले. त्यांना आकडा हवा होता.

"एकविसावी," मी म्हणाले.

"लई शिकल्या," ते लेकीला म्हणाले.

हे लिहिलंय, पण टाकणार कुठं. पिशवीत राहील. एवढंच कबूल करते, अण्णा, की तुमच्यानंतर मला कुणी वर चढवलं नाही. मी अजून एकविसावीतच आहे.