मराठी तिकडं कोण वाचणार?

२ एप्रिल २००६, रविवार
बियाण्याच्या दुकानानं नानांना दिलेली डायरी ढापली. तीन महिने कोरे गेले. नियम एकच: बाहेर काय बोलायचं ते बोलू, इथं फक्त खरं लिहायचं.
खरं: लंडनचा स्टुडंट व्हिसा जानेवारीत संपला, घरी यावं लागलं. दोन विषय राहिले. अवघड नव्हते, मीच लक्ष दिलं नाही. आता टूरिस्ट म्हणून जायचं आणि परत यायचं नाही. सोपंय.

५ एप्रिल
टूरिस्ट व्हिसा आला. सहा महिने! साईला फोन लावला. साई म्हणजे माझा तिथला रूममेट, आपल्या सिडकोचाच. माझी गादी त्यानं ठेवलीय, गोडाऊनमधल्या नोकरीचंही बोलून ठेवलंय. फोन उचलला नाही. कामात असेल.

९ एप्रिल, संध्याकाळ
म्हसरूळच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. 'लंडनस्थित कुंदनभाऊ यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मी गॉगलमध्ये. खाली सोळा शुभेच्छुक, त्यातले चार मला माहीतच नाहीत. वाऱ्यानं एक दोरी तुटलीय. माझं तोंड सारखं खांबावर आपटतंय. उद्या बांधून घेतो.

१२ एप्रिल
देवळ्याहून प्रतिभाचा फोन. पाडव्याला आमचा साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तिच्या घरी मी 'तिकडं पर्मनंट' आहे. ती म्हणाली, जगाला काय सांगायचं ते सांगा, मला तरी खरं काय ते सांगा. मी म्हणालो, आवाज कट होतोय. लंडनला पोचल्यावर निवांत सांगू. अशा गोष्टी दमादमानं सांगाव्यात.
मुलगी फार चांगली आहे. आपण तिला फसवतोय असं वाटून जेवण जाईना. मग आईनं आमरस केला, तेव्हा जेवलो.

१६ एप्रिल
समाजाच्या मंडळानं सत्कार केला. शाल, नारळ, फ्रेम केलेलं मानपत्र. अध्यक्ष चिमाजी अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं: 'परदेशी कायमचे वास्तव्य करून आपण म्हसरूळचे नाव...' टाळ्या. नाना रडले. बापाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात माईक दुसऱ्याच्या हातात गेला.

१९ एप्रिल
साईचा नंबर आता बंदच लागतोय. सिम बदललं असेल. असं मनाशी म्हणालो आणि भिंतीवर पाल चुकचुकली. आई 'कृष्ण कृष्ण' म्हणाली आणि पुन्हा माझी बॅग भरायला लागली. टूरिस्टची बॅग हलकी असते, हे तिला तीनदा सांगितलं. कुकर दोनदा बाहेर काढला. आता बघवत नाही, काय भरायचं ते भर म्हणालो.
डायरी जाळावी की न्यावी? नेऊ. मराठी तिकडं कोण वाचणार?

२२ एप्रिल, विमानात
घोकतोय. दोन आठवडे, राणीचा राजवाडा, म्युझियम, परत. दोन आठवडे, राजवाडा, म्युझियम, परत. शेजारच्या काकांनी विचारलं, कुठं निघालात? तोंडातून निघालं, घरी. एकदम घाम फुटला. एसी बंद असावा.

२३ एप्रिल, विमानात
लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडली. दोन आठवड्यांसाठी कुकर कशाला, म्हणाला. मी म्हणालो, आई. कुकरखाली शालीत गुंडाळलेलं मानपत्र निघालं. तेही आईनंच घातलेलं, मला पत्ता नाही. काचेला साधा तडाही नाही. हे काय, म्हणाला. मी म्हणालो, स्विमिंगचं सर्टिफिकेट.
त्यानं दुभाषी बाईंना बोलावलं. मालेगावच्या निघाल्या. मला बरं वाटलं, आपलं माणूस. त्यांनी मानपत्र वाचून इंग्रजीत सांगितलं. मग अधिकाऱ्यानं डायरीकडं बोट केलं.
पहिल्या पानापासून वाचलं त्यांनी. एकदाही अडखळल्या नाहीत. प्रतिभाचं पान आलं तेव्हा थांबल्या, पाणी प्यायल्या आणि तेही वाचलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. जाताना हळूच म्हणाल्या, भाऊ, त्या पोरीला सांगितलं का मग? मी म्हणालो, पोचल्यावर सांगणार होतो.
परतीचं तिकीट वापरलं. परत जाणार म्हणालो होतो, शब्द पाळला.

३० एप्रिल
फ्लेक्स अजून तिथंच आहे. तोंडाचा भाग फाटलाय, नाव शाबूत. लोकांना सांगितलं, टूर छोटी होती. नानांनी पहाटे उठवलं आणि टेम्पोत मेथीच्या जुड्या भरायला लावल्या.
ठरवलंय, प्रतिभाला खरं सांगायचं. तोंडानं जमणार नाही. ही डायरीच देवळ्याच्या एसटीत कंडक्टरकडं देतो. तिनं सगळं वाचलं की तिला माझी बाजू कळेल.

१० मे (मार्केटच्या पावतीच्या पाठीवर, कारण डायरी देवळ्याला)
दहा दिवस झाले. प्रतिभाचा फोन नाही. मी केला तर तिच्या भावानं उचलला, माझं नाव ऐकलं आणि ठेवला.
काळजीचं कारण नाही. माझं अक्षर मुळात फार वाईट. वाचायला वेळ लागणारच.